एडक्याने सोडलेला झिरा

चैत्रातल्या एका सोमवारी सकाळी चिंचखेड कसब्याच्या गटारतळ्याचा बांध फुटला आणि गावाचे सांडपाणी ओढ्यावाटे नदीच्या पात्रात उतरले. सेलू स्टेशनवर ही बातमी मिळाली. तळे उत्तम चालले आहे, असे वर्तमानपत्रात लिहिण्यासाठी मी निघालो होतो.

मोटारीने देवगाव फाटा गाठला. पुढे बैलगाडी. दोन्हीकडे ज्वारीची धसकटे आणि भेगाळलेले काळे रान. गाडीवान म्हणाला, "गटार बघायला एवढ्या लांबून? परभनीत न्हाईत व्हय?"

तळे गावाच्या खालच्या अंगाला आहे. गटारांचे पाणी त्यात थांबते, गाळ बसतो आणि वरचे पाणी पाटाने गवताच्या शेतात जाते. पूर्वी ते थेट नदीत जाई. बांध खेकड्यांनी पोखरला होता. मी पोचलो तेव्हा भगदाड मुरुमाने बुजवून झाले होते. दरोगा (गावाच्या सफाईचा अधिकारी) पायाचा चिखल धूत होता.

"खाली पात्रात धनगरांचा मुक्काम आहे," तो म्हणाला. "सकाळीच त्यांच्या झिऱ्यात (वाळूत खणलेल्या पाण्याच्या खड्ड्यात) जंतू मारायचं लाल औषध टाकून आलो. आता ओढा नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला नवा झिरा काढून द्यायचा. येता?"

मी दोन मजुरांसह त्याच्यामागे निघालो.

मुक्कामावर पोचलो तेव्हा झिऱ्यावर कोणी नव्हते. पाणी गुलाबी होते. पलीकडच्या डोहातून म्हातारी गंगाबाई भरली घागर घेऊन येत होती. नदीतल्या पाण्यात मिसळलेले गटाराचे पाणी दुपारपर्यंत निवळले होते. डोहाचा तळ दिसत होता.

दरोगा धावला. "आजी, घागर खाली ठेवा! कोणी प्यालं का यातलं?"

"आत्ता तर भरली. सुनंला द्यायला चाल्ले. आठ दिसाची बाळंतीन हाय, तिचा घसा सुकायलाय."

"झिरा का सोडला?"

"एडक्यानं सोडला." गंगाबाईने मोठ्या मेंढ्याकडे बोट केले. "तुमचं लाल पानी हुंगलं अन् मागं फिरला. डोहावर मातर पोटभर प्याला. आमच्यात पानी आदी एडका पितो, मंग मानसं."

"एडक्याला औषधाचा वास कळतो, आजी. निवळलेलं गटार कळत नाही. सकाळी फुटलं ते सगळं त्या डोहात आहे."

म्हातारीने घागर उतरवली, पण ओतली नाही. "गटार तुमचं, औषध तुमचं, अन् खोटा आमचा एडका व्हय?"

दरोगा म्हणाला, "एडका खोटा नाही. मी सकाळी औषध टाकलं, पण का टाकलं ते सांगितलं नाही. चूक माझी."

गंगाबाईने घागर वाळूत पालथी केली. बाळंतिणीच्या पालापर्यंत वीसेक पावले उरली होती. दरोग्याने सगळ्या पालांतली प्रत्येक घागर आणि तांब्या पाहिला. त्यांत आदल्या संध्याकाळचे पाणी होते, तेही तळाला. डोहाचे कोणीच प्याले नव्हते. तो तिथेच वाळूवर बसला आणि त्याने टोपी काढून तोंड पुसले.

नवा झिरा ओढ्याच्या वर, अर्ध्या कोसावर खणला. कमरेइतक्या खोलीवर पाणी लागले. ते निवळल्यावर गंगाबाईने एडका पुढे केला. तो प्याला. तिने तांब्या भरून दरोग्यापुढे धरला.

"आता तुमी."

तो प्याला. मग तिने तांब्या पुन्हा भरला आणि पदराखाली झाकून पालाकडे नेला.

संध्याकाळी आम्हांला भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पुडीची) आमटी मिळाली. आमटी लय तिखट होती. नव्या झिऱ्याचे पाणी मी तीन तांबे प्यालो.

मंगळवारी सकाळी परतलो. निघताना तळ्याचा बांध कोरडा होता आणि पाटाचे पाणी गवतात जात होते.

पुढच्या आठवड्यात दरोग्याचे कार्ड आले. मुक्कामावर कोणालाही हगवण-वांती झाली नाही. कळप बोरीकडे हलला आहे. बाळ-बाळंतीण गाडीत होती, एडका पुढे चालत होता.