वणीला न थांबणारी बोट

आजींना सांभाळायला मी मुंबईत आले त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी मुकुटबनकडच्या तांड्यावरची, सातवीत शाळा सुटलेली. आजी वणीच्या. सगळा जन्म तिथं काढून म्हातारपणी मुलाकडे आल्या, आणि इथं आल्यावर त्यांचं डोकं मागे मागे जायला लागलं. साहेब आणि वहिनी दोघंही नोकरीवर, म्हणून मला ठेवलं. माणसं चांगली. माझ्या ताटात त्यांनी कधी शिळं पडू दिलं नाही. बोटीच्या सहलीला मलाही नेणार म्हटल्यावर मी आधी देवाला हात जोडले. मग वहिनींचं पुढचं बोलणं ऐकलं.

"चार दिवस बघू कसं जमतंय. नाही जमलं तर आईंना आश्रमात ठेवायचं, असं ठरलंय आमचं."

सहल त्यांची, परीक्षा आजींची. आणि आजींना पत्ताच नाही.

बोट म्हणजे एकावर एक दहा-बारा मजले. जेवायच्या हॉलात माणसं ताटं घेऊन फिरत होती. आजी मोठ्यानं म्हणाल्या, "लगन कोणाचं हाय वो? न् लोकं उभ्यानं काहून जेवून राह्यले?"

"शहरातलं लगन हाय आजी, असंच असते."

"मंग नवरी दाखव मले."

समोरून पांढऱ्या झग्यातली एक बाई चालली होती. मी तिच्याकडे बोट केलं.

"कायची नवरी! गळ्यात पोत नाही, पायात जोडवे नाही."

साहेब हसले. किती दिवसांनी हसले. मला वाटलं, पहिला पेपर तरी सुटला.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात आजींचं पातळ पिळत होते. बाहेर आले तर खोलीच्या बाल्कनीचं दार सताड उघडं. आजींनी खुर्ची कठड्याला लावली होती आणि एक पाय वर ठेवला होता. खाली नुसतं पाणी.

मी कमरेला मिठी मारून त्यांना आत ओढलं. "कुठं चालल्या, आजी?"

"उतरतो ना वो. वणी आली."

"गाडी थांबली नाही अजून."

"मंग सांगत जा ना तसं!"

त्या लगेच विसरल्या. खुर्ची मी आत घेतली, कडी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कडीही काढली, या वेळी स्टूल घेऊन गेल्या. मी दोन्ही वेळा कुणाला बोलले नाही. बोलले असते तर परीक्षा तिथंच संपली असती.

त्या दुपारी आजी झोपल्या. माझेही डोळे मिटत होते, रात्रीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आमच्या शेताला लागून बिनकठड्याची विहीर होती. दुपारी याडी, म्हणजे माझी आई, घटकाभर आडवी व्हायची तेव्हा ओढणीचं टोक माझ्या पायाला बांधून झोपायची. मी हलले की ती जागी. मीही तेच केलं. माझ्या ओढणीचं एक टोक आजींच्या घोट्याला सैल बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला.

जाग आली तेव्हा वहिनी दारात उभ्या.

"बांधून ठेवता तुम्ही त्यांना?"

त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब ओरडले नाहीत. घरात कधी आमच्याकडची बोली न बोलणारे ते, एकदम तीच बोलले, "काहून केलं वो ताई असं?"

मग मी सगळं सांगितलं. खुर्ची, स्टूल, कडी. खरं बोलले की अंगावरचा डाग जाईल एवढंच त्या वेळी सुचलं. डाग गेलाही. वहिनींचा आवाज मऊ झाला, "तुमची चूक नाही, ताई." साहेब मात्र बाल्कनीकडे बघत राहिले.

"म्हणजे दोनदा," ते म्हणाले.

आजी झोपेतच होत्या. त्यांचा निकाल माझ्या तोंडून लागला.

चौथ्या दिवशी किनारा जवळ आला, मोबाइलला रेंज आली. वहिनींनी आधी आश्रमात फोन केला. मग एका ओळखीच्या घरी माझ्यासाठी कामाचं विचारलं. सासूला विसरायची घाई झालेल्या बाईनं माझी आठवण ठेवली, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं पाप होईल. त्यांनी दोन वर्षं आजींना काही कमी पडू दिलं नव्हतं.

"आईंच्या सवयी लिहून द्या तिथल्या लोकांना," त्या म्हणाल्या. मी लिहायला बसले. अक्षर माझं सातवीतलंच. अंघोळीला पाणी आधी पायावर घालायचं, एकदम डोक्यावर घातलं तर घाबरतात. डाव्या बाजूनं बोलायचं, उजवा कान गेला आहे. भात कालवून दिला तरच खातात. पान भरलं, मी उलटलं.

वहिनींनी वाकून बघितलं. "ताई, थोडक्यात लिहा. एका बाईकडे आठ-दहा जण असतात तिथं. एवढं कोण वाचणार?"

मी दुसरा कागद घेतला. त्यावर नाव, वय आणि गोळ्यांच्या वेळा लिहिल्या. खाली वहिनींनी त्यांच्या हातानं एक ओळ घातली, 'उठून जातात, लक्ष ठेवावे.'