मामाजींचा डायपर आणि माझा पदर

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आंजीला कापडाचं दुकान चालवायचे. लकव्यानं डावी बाजू गेली तेव्हा आम्ही त्यांना पिपरी मेघेला आमच्याकडे आणलं. उजव्या हातात मात्र जुना जोर शिल्लक होता, आणि तो सगळा चादर धरून ठेवण्यात खर्ची पडायचा.

"कोरडं हाय," ते म्हणायचे. वास शेजारच्या घरापर्यंत वेगळंच सांगत असायचा. "तू जाय. तो आला का करीन."

तो म्हणजे माझा नवरा. तो ड्युटीवरून येणार संध्याकाळी. तोवर ओल्यातच पडून राहायचं आणि वर पाणीही प्यायचं नाही, असा यांचा कारभार. एक दिवस घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी मला त्यांच्या कंबरेखालची लालभडक कातडी दाखवली. यांना शुगर आहे, एकदा कातडी फाटली की जखम भरायची नाही, म्हणाल्या. मी घाबरले. भांडून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. ढिम्म.

शेवटी एका दुपारी मी गाऊन बदलून साडी नेसले आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून त्यांच्यासमोर उभी राहिले. लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जेवायला अशीच वाढायची.

"हे काऊन?"

"आता मले काई दिसत नाई, मामाजी. तुमीच सांगा कसं करू."

असं म्हणून मी चाचपडत उशीलाच डायपर बांधायला घेतला. मामाजींना काही राहवेना. चादरीवरचा हात सुटला.

"अवं, ते उशी हाय. इकडं, खाली." सांगता सांगता स्वारी स्वतःच कुशीवर वळली. मी पुसलं, मलम लावलं, नवा डायपर घातला. तेवढ्यात, "उलटं लावून राह्यली. पट्ट्या समोर पाह्यजे."

सगळं आटोपल्यावर म्हणतात, "एवढ्या पातळ साडीतून दिसत नाई म्हणते? जनमभर कापड विकलं मी."

"मंग कायले सांगत होते इकडं, तिकडं?"

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, चिडले.

"तुयी सासू अशीच पडून होती, तवा तिचं सारं माह्या पोरीनं केलं," ते म्हणाले. "मी बाहेर बसून राहो. तिले लाज वाटन म्हणो. खरं तं मलेच वाटे. तिचा जीव जाईपर्यंत आत गेलो नाई."