औषधाला न जुमानणारं तण

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मी शिकवते त्या शाळेच्या कुंपणापाशी. पाठीवर फवारणीचा पंप आणि तोंडात पंपाचं नोझल. छिद्रात कचरा अडकला होता, म्हणून गडी तोंडाने फुंकत होता. मग त्याने बाहीला ओठ पुसले आणि त्याच बाहीने कपाळ. मला अक्षरशः शिसारी आली.

"अहो, विष आहे ते!" मी ओरडले.

"तणाचं आहे, बाई. माणसाचं नाही," तो हसला.

सगळे त्याला नोझलच म्हणत. कामाला चोख. वारा असला तर पंपाला हात लावायचा नाही. पण स्वतःच्या मोठ्या बहिणीच्या शेतात तो सात वर्षं एकच औषध मारत आला होता, कारण पहिल्या वर्षी ते छान लागू पडलं होतं. दरवर्षी लाल देठाच्या तणाची चार-दोन झाडं मागे उरायची. बहीण बोट दाखवायची. हा म्हणायचा, "ताई, दोन दिवसांत माना टाकतील." पण ती झाडं ताठ उभी राहून हजारोंनी बी सांडत, आणि त्या बियांतून उगवलेलं त्या औषधाला भीक घालत नसे.

सातव्या वर्षी तणात सोयाबीन शोधावं लागलं. औषधांचा दुकानदार म्हणाला, "डोस डबल कर." त्याने केला. पीक करपलं, तण हिरवंगार. मग दुकानदाराने 'एकदम नवीन' म्हणून दुसरी बाटली दिली. नोझलला बारीक अक्षर लागत नाही, तो ती माझ्याकडे घेऊन आला. वरचं नाव नवं होतं, आतलं औषध तेच. इतका ओंगळ निर्लज्जपणा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

तणाच्या तुऱ्यांत बी भरत आलं होतं. आठवड्यात ते सांडलं असतं, तर बहिणीचं एकुलतं एक शेत कित्येक वर्षांसाठी हातचं गेलं असतं. नोझल हाताने उपटायला लागला आणि उपटलेलं बांधावर फेकू लागला.

"अरे शहाण्या, उपटलं म्हणजे मेलं का?" बहीण कडाडली. "पडल्या पडल्या बी पिकेल त्याचं. गोणीत भर!"

"ताई, वास बघ ना याचा."

"तूच पोसलंयस. घे हुंगून."

सहा दिवस दोघं उपटत होती. गोण्या लांब खड्ड्यात नेऊन जाळल्या. हिरवा चिकट रस त्याच्या नखांतून निघेना, जेवताना तो उजवा हात नाकापासून दूर धरून डाव्या हाताने चमच्याने खायचा. पीक निम्मंही आलं नाही, पण बी फारसं सांडलं नाही.

"तणाची नाही, बाई, माझीच किळस येते," तो मला म्हणाला. "ताई बोट दाखवायची आणि मी पुढची ओळ बघायचो."

आता त्या शेतात दुसरं पीक आहे आणि औषधही तो आलटून पालटून वापरतो. दर पंधरा दिवसांनी दोघं भावंडं ओळीओळीने फिरतात. अजून अर्धी गोणी तण निघतं.