ठाणे ते विठ्ठलवाडी, एका लाल दिव्याच्या मागे

लोक सुट्टीत स्पितीला जातात. मी गेल्या शनिवारी विठ्ठलवाडीला गेले, व्हाया मानपाडा. सोबत शहात्तर वर्षांचे बाबा आणि त्यांची अकरा वर्षांची गाडी. ज्यांची गाडी कधी चार्ज होते, कधी होत नाही आणि मेकॅनिकसमोर नेली की अगदी सोज्वळ वागते, त्यांनी हे सगळं वाचावं. बाकीच्यांनी खाण्यापुरतं वाचलं तरी चालेल.

प्रकरण असं. दोन महिने बाबा म्हणत होते, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मधूनच लागतो आणि विझतो. मी शेजारी बसले की मला तो कधी दिसला नाही. आई गाडीत बसली की डोळे मिटून रामरक्षा म्हणते, त्यामुळे तिची साक्ष धरता येत नाही. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग बेल्ट बदलला. जखम मांडीला, मलम शेंडीला! तिसऱ्या खेपेला त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ताई, गाडीत काय नाय. काकांनाच जरा दाखवून घ्या."

मलाही तेच वाटायला लागलं होतं. चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, गॅस चालू राहतो, शेजाऱ्यांचं नाव चुकतं. घरात आम्ही सगळेच हे बोलत होतो, आणि फार हळू आवाजातही नाही. शेवटी मी त्यांना न सांगता घराजवळच्याच स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांकडे बुधवारची वेळ घेतली आणि गाडीला गिऱ्हाईक बघितलं. बाबांना गिऱ्हाईकाचं तेवढं कळलं. भांडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "शनिवार दे मला. शनिवारी दिवा कुणालाच नाही सापडला, तर चावी तुझी."

साडेआठला निघालो. गाडी मी चालवत होते. मुंब्रा बायपासला ट्रेलरची रांग, रस्त्याची चाळण. शिळफाट्याला पोचायलाच सव्वा तास गेला. जाणार असाल तर सातच्या आत निघा. वाटेत बाबा दोनदा म्हणाले, "हा बघ, लागला." मी दोन्ही वेळा बघितलं. काचेवर ऊन होतं, बाकी काही नव्हतं.

"कुठाय बाबा?"

"अगं, आत्ता होता!"

"बरं," मी म्हटलं. लहान मुलांशी बोलताना वापरतात तो 'बरं'. त्यांना तो ओळखू आला असणार, कारण पुढे मानपाड्यापर्यंत त्यांनी मला दिवा दाखवला नाही. शिळफाट्यापुढे मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागू नका, आहे तेवढीच घाम काढते.

मानपाड्याला डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला डायनमो दुरुस्त करणारे बरेच आहेत. डायनमो म्हणजे आल्टरनेटर, इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र. अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत त्याला आल्टरनेटर म्हणणारा मला एकही भेटला नाही. तिथल्या भोईरांनी बॅटरीला मीटर लावला, एसी लावला, हेडलाइट लावले, इंजिन रेस केलं.

"चौदा पॉइंट दोन व्होल्ट. एकदम कडक हाय काका. डायनमो उतरवायचे पैसे घेतो मी, पण सापडायचं काय नाय त्यात."

हा माणूस मला आवडला. पण त्याचं ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, त्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं. बाबांचा चेहरा पडला होता. भोईरांनी तो बघितला असावा. ते म्हणाले, "विठ्ठलवाडीला स्टेशनाजवळ सावंत म्हणून आहेत, वायरिंगचं काम करतात. एवढं आलाव तर जावा तिकडं."

चक्की नाक्याच्या गर्दीतून विठ्ठलवाडी गाठायला चाळीस मिनिटं लागली. सावंतांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड आणि दारात दोन स्टुलं. मी बॅटरी, बेल्ट, व्होल्ट असा सगळा पाढा वाचला. त्यांनी ऐकून घेतला आणि मान बाबांकडे वळवली.

"काका, दिवा तुम्हाला दिसतो ना? मग तुम्ही सांगा. कधी लागतो?"

दोन महिन्यांत हा प्रश्न बाबांना कुणीच विचारला नव्हता. मीही नाही.

"गाडी चांगली तापल्यावर. थंड असताना कधीच नाही," बाबा म्हणाले. "आणि पूर्ण लागत नाही हो. मंद लागतो. उन्हात कळतसुद्धा नाही. वर हात आडवा धरावा लागतो."

"मंद लागतो?" सावंत उठलेच. "मग डायनमोला हात लावायचं काम नाही. वायरीत कुठंतरी करंट अडतोय."

त्यांनी इंजिन चालू ठेवलं, मला आत बसवलं आणि दिव्यावर तळहात धरायला सांगितला. स्वतः बॉनेटखाली वाकून पेचकसाच्या लाकडी मुठीने एकेक वायर हलवत गेले. बाबा मीटर वाचत होते. चौदा एक. चौदा एक. मग सावंतांनी डायनमोच्या मागचं कपलर हलवलं, म्हणजे वायरी जोडायचं ते प्लॅस्टिकचं बूच, आणि बाबा ओरडले, "बारा तीन!"

माझ्या तळहाताच्या सावलीत लाल दिवा होता. अगदी फिका, पण होता.

"लागला," मी म्हटलं. बाबांनी मीटरवरून मान वर केली नाही.

कपलर उघडलं तर आत हिरवट, चिकट थर. सावंतांनी नखाने खरवडून बघितला. "नुसत्या पाण्यानं असं होत नाही. काय सांडलं होतं इथं?"

"सांडलं नाही," बाबा अभिमानाने म्हणाले. "दर खंडेनवमीला नारळ बाहेर फोडतो आणि पाणी इंजिनावर शिंपडतो. अकरा वर्षं झाली, खंड नाही."

"अहो काका! देवाला वाहा, डायनमोला कशाला पाजताय? क्षार असतात नारळाच्या पाण्यात, खातं ना ते तांब्याला."

बाबांनी पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, हे मी सावंतांना सांगितलं नाही. बाबांनीही नाही.

नवीन कपलर, जोडणी, साफसफाई मिळून साडेसहाशे रुपये आणि पाऊण तास. तेवढ्यात आम्ही उल्हासनगरच्या हद्दीत जाऊन दाल-पकवान खाऊन आलो. पकवानाची पुरी कुरकुरीत हवी असेल तर डाळ वेगळी मागा. येताना दुर्गाडी पूल, कोन, माजिवडा असे आलो. रस्ता लांबचा, पण चालता आहे. गाडी बाबांनी चालवली. दिवा लागला नाही. मी सबंध रस्ता हात आडवा धरून बसले होते.

घरी आल्यावर गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. मग बाल्कनीत जाऊन डॉक्टरांकडे फोन लावला, बुधवारची वेळ रद्द करायला. तिथल्या मुलीने नाव विचारलं, मी बाबांचं नाव सांगितलं.

"या नावाच्या दोन आहेत मॅडम," ती म्हणाली. "एक बुधवारची, तुमच्या नंबरवरून. आणि एक सोमवारची, ती त्यांनी स्वतः फोन करून घेतलीय. दोन्ही कॅन्सल करू?"

ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. शेवटी मी म्हटलं, विचारून सांगते.

बाबा आत खुर्चीत बसून पाणी पीत होते. मी समोर जाऊन बसले. लाज वाटत होती, तरी विचारलं.

"बाबा, तुम्हाला दिवा दिसत होता ना? मग डॉक्टरांची वेळ कशाला घेतलीत?"

त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"अगं, तुम्ही सगळेच नाही म्हणत होतात," ते म्हणाले. "इतकी माणसं कशी चुकतील?"