पाच लाल रेघा

सई आणि नील, तुमच्या नव्या जीपचा फोटो मिळाला. चाकं बाहेर आल्यामुळे गाडी ऐटदार दिसते, हे खरंच. "स्पेसर बसवलेत, आजी. कशी दिसते?" असं तुम्ही विचारलंत. उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले. बेळगावात माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता. त्याच्याबद्दल मी घरात कधीच नीट बोलले नाही. आता लिहिते, कारण तुम्ही त्याच चाकांवर बसून डोंगरात जाणार आहात.

"पन्नास मैल झालं की तोंड दावून जावा." हे त्याचं वाक्य. चाक बसवलं की तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगे.

खानापूर रोडवर त्याची पत्र्याची शेड होती. चाकाचे पाच नट तो एक सोडून एक असे आवळायचा आणि मोठ्यानं मोजायचा, तेही कानडीत: "वंदु, यरडु, मूरु, नाकु, ऐदु." एरवी बोलणं सगळं मराठीत. मी कारण विचारलं तर म्हणाला, "उस्ताद सदलग्याचा कानडी माणूस हुता, आक्का. मराठीत मोजलं तर त्येला ऐकू जायाचं न्हाय." उस्ताद वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मोजून झालं की बारीक कुंचल्यानं तो प्रत्येक नटावर लाल ऑइलपेंटची एक रेघ ओढायचा. अर्धी नटावर, अर्धी चाकाच्या पत्र्यावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसे. निपाणीच्या एका तंबाखूवाल्याला ती रेघ म्हणजे पूजेचा प्रकार वाटला. त्यानं दसऱ्याला पाचही नटांवर हळदकुंकू फासलं आणि गाडी घेऊन आला. मिस्त्री जो भडकला! "शेटजी, देव न्हाय त्यो, नट हाय! माझी रेघ कुठं गेली?" रॉकेलच्या बोळ्यानं कुंकू पुसून त्यानं पुन्हा पाच रेघा ओढल्या. शेटजी तोवर बाकावर बसून होते.

सांब्ऱ्याला निघालेलं एक वऱ्हाड त्यानं भर रस्त्यात अडवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. नवरीचा मामा ओरडत होता, "मुहूर्त चुकंल की रं!" मिस्त्री चाकापाशी उकिडवा बसलेला. "नवरीला बसू द्या, मामा. मला रेघा बघू द्या. पन्नास मैल कवाच झाल्यात तुमचं."

तुमचे आजोबा आठवड्यातून एकदा कणकुंबीच्या बाजूला रोगी तपासायला जात. पावसाळ्यात तिथल्या तांबड्या चिखलात आमची जुनी जीप रुतायची. कधी कधी ते दुसऱ्या दिवशी घरी येत आणि तोवर मी फाटकापाशी उभी असे. म्हणून त्यांनी मुंबईहून रुंद टायर मागवले. बसवून पाहिले तर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ते आत स्प्रिंगच्या पाट्यांना घासत. तेव्हा टायर पाठवणाऱ्यानंच चार जाड चकत्या पाठवल्या, आणि सोबत एक इंग्रजी कागद. तुम्ही ज्यांना स्पेसर म्हणता, त्याच या. चकती आधी गाडीला आतल्या नटांनी आवळायची आणि चाक त्या चकतीवर बसवायचं.

मिस्त्रीनं चकती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"डॉक्टर, हे न्हाय बसवत मी."

"का रे?"

"बाहेरच्या नटावर रेघ ओढीन. आतला नट चाकाच्या मागं दडतोय. जे दिसत न्हाय त्येची हमी मी कशी देऊ?"

"लोक बसवतात की!"

"लोकं लई काय काय करत्यात." मग तो माझ्याकडे वळला. "आक्का, तुमी इंग्लिश शिकल्यासा. कागुद वाचा. कागुद म्हणंल तसं करतो."

मी वाचला. शेडच्या दारात उभं राहून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. कोणता नट आधी, किती जोर लावायचा, घाण कशी पुसायची. तो मान हलवत ऐकत होता. शेवटच्या दोन ओळींत लिहिलं होतं की पहिल्या पन्नास मैलांनंतर चाक काढून आतले नट पुन्हा आवळावेत, आणि पुढेही ठरावीक अंतरानं तसंच करावं.

त्या दोन ओळी मी वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर तो म्हणाला असता, "बगा, मी म्हनलो न्हवं?" आणि चकत्या परत केल्या असत्या. मला तर ते रुंद टायर हवे होते. मला तुमचे आजोबा त्याच दिवशी घरी यायला हवे होते. चाक काढायला मी स्वतः आठवणीनं लावीन, असं मी मनाशी ठरवलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

पन्नास मैलांनी आजोबा इमानानं तोंड दाखवायला गेले. मीही सोबत होते. दवाखान्यात रोगी खोळंबले होते, आजोबांनी इंजिन चालूच ठेवलं. मिस्त्रीनं चारही चाकं पाहिली. रेघा सरळ होत्या. तरी तो उठेना.

"आतलं बघायचं तर चाक काढाय लागंल. आक्का, कागदात तसं काय म्हटलंय का?"

मी आजोबांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

पुढच्याच फेरीत, कणकुंबीहून परतताना जांबोटीच्या अलीकडच्या वळणावर मागचं डावं चाक चकतीसकट निघून गेलं. जीप चरात कलंडली. आजोबांचा उजवा हात खांद्याजवळ मोडला. ते तुम्हाला नेहमी डाव्या हातानं उचलून घ्यायचे, ते यामुळे.

गावात दोन दिवसांत बोलणं झालं: मिस्त्रीनं नट ढिले ठेवले. डॉक्टरांचीच गाडी, म्हणजे बातमी घरोघरी गेली.

रविवारी सकाळी तो आमच्याकडे आला. मोडकी जीप ओढून त्याच्याच शेडवर नेली होती; तिथून ते चाक त्यानं ढकलत आणलं होतं. फाटकाच्या भिंतीला टेकवून म्हणाला, "बगा आक्का. पाचीच्या पाच रेघा सरळ हाईत. बाहेरचं काय सुटलं न्हाय. आतलं सुटलं." मग आवाज उतरला. "त्या कागदात आतल्याचं काय राहिलं न्हवतं न्हवं? पुन्यांदा बगता का?"

कागद माझ्या कपाटात होता, डावीकडच्या फाइलमध्ये. दहा पावलांवर.

"सगळं वाचलं होतं मी," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "मग माझाच हात चुकला." चाक तिथंच ठेवून तो गेला.

वर्षभरात शेड बंद झाली. काही वर्षांनी मी त्याला निपाणीत पाहिलं, बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करताना. तुम्हीही माझ्यासारखे थोडा वेळ बाजूला उभे राहिला असता तर तुमच्याही लक्षात आलं असतं: तो नट आवळत होता, पण मोजत नव्हता. कुंचलाही कुठं दिसला नाही. मी कागद पर्समध्ये घालून मुद्दाम गेले होते. मला पाहून तो उठला, बाक पुसला.

"आक्का! डॉक्टरांचा हात कसा हाय?"

"बरा आहे."

"वर जातोय का?"

"जातो," मी म्हणाले. तेही खोटंच होतं. पर्स मी उघडलीच नाही. त्यानं चहा मागवला, मी प्यायले आणि बेळगावच्या गाडीत बसले.

पुढच्या खेपेला तिथं दुसरा माणूस होता. मिस्त्री वारल्याचं त्यानं हातातलं काम न थांबवता सांगितलं.

तुमच्या आजोबांनाही मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही पहिली माणसं.

तर चाकं काढा आणि आतले नट तपासा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तेवढी सवड नसेल तर ते स्पेसर काढूनच टाका. स्पेसरबरोबर आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

जीप आम्ही विकली. चाक विकलं नाही. ते परसात पेरूच्या झाडाखाली आहे, चकतीसकट. टायर तडकला आहे, पत्र्याला गंज चढला आहे. लाल रंग विटला आहे, पण पाचही रेघा सरळ आहेत.