संकष्टीची बोट

मधुकर सोवनींनी आयुष्यात दोनच गोष्टी स्वतःहून ठरवल्या, असं त्यांची बायको सरोज चारचौघांत सांगायची. एक म्हणजे तिच्याशी लग्न, आणि दुसरी डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यातला फ्लॅट चुकला, कारण बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. बाकी मुलीच्या शाळेपासून खिडक्यांच्या पडद्यांपर्यंत सगळं सरोजताईंनी ठरवलं. सोवनी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. तिथे छटा जराशी जरी हलली तरी अख्खी बॅच परत पाठवायचे. घरी मात्र "तू ठरव" एवढं म्हणून पेपरात डोकं घालायचे. निवृत्त झाल्यावरही त्यात फरक पडला नाही, फक्त पेपर जास्त वेळ पुरायला लागला.

अशा माणसाने एकाहत्तराव्या वर्षी बोट ठरवावी, हे तसं कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही.

झालं असं, की वर्षभरापासून सरोजताईंच्या नजरेच्या मधोमध डाग धरला होता. कडेचं दिसायचं, समोरचं जायचं. सुईत दोरा ओवणं गेलं, मग पेपर गेला, मग माणसांचे चेहरे. ठाण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि सोवनींना बाजूला घेऊन सांगितलं, "आहे तेवढं टिकलं तरी मिळवलं म्हणायचं." त्या दिवशी परतताना रिक्षा माणकोलीच्या पुलावर आली. संध्याकाळ होत आली होती. सरोजताई खाडीकडे तोंड फिरवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बोटीत बसून सूर्यास्त बघायचा राहिलाच की हो." तक्रार नव्हती. बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली, हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात त्या बोलल्या आणि पुढे भाजीचं विचारायला लागल्या.

सोवनींना ते लागलं. इतकी वर्षं सगळ्यांचं सगळं हिने ठरवलं, आणि हिचं एक राहिलं ते आपल्याला माहीतही नव्हतं, याची त्यांना लाज वाटली. तिला दिसतंय तोवर हे झालं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

शोधता शोधता घोडबंदरच्या बाजूला खाडीत छोटी यॉट चालवणारी एक कंपनी सापडली. फोनवर संचिता नावाची मुलगी होती. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख तिच्याकडे मोकळी निघाली. पुढचे आठ दिवस सोवनी भाजीची पिशवी घेऊन खाली उतरायचे आणि जिन्याखाली उभं राहून तिच्याशी बोलायचे.

"काका, हार्टवाले बलून पॅकेजमध्येच येतात. लाल घेऊ की पिंक?"

"फुगे नकोत."

"अहो काका, सगळेच घेतात! बरं, काकूंना ड्रोन शूट आवडेल?"

"तिला फक्त सूर्य दाखवायचाय," सोवनी म्हणाले. "आणि जेवण जरा बेताचं तिखट."

संचिताने सूर्यास्ताची वेळ, भरती-ओहोटीची वेळ बघितली, जेवणात पनीर की मशरूम, तेही विचारलं. त्या दिवशी संकष्टी आहे का, हे तिने विचारलं नाही. तिचं ते कामही नव्हतं. सोवनींच्या घरात संकष्टी, एकादशी, अमावास्या हे सारं खातं सरोजताईंचं. उपासाच्या दिवशी रात्रीचं जेवण उशिरा होतं, एवढंच सोवनींना ठाऊक. ज्या एका माणसाला विचारल्यावर चूक टळली असती, त्याच माणसापासून बेत लपवायचा होता.

वाढदिवसाच्या सकाळी त्यांना जाग आली ती शेंगदाण्याच्या कुटाच्या वासाने. स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी परतली जात होती.

"आज काय आहे?" त्यांनी जपून विचारलं.

"संकष्टी. आणि लग्नाचा वाढदिवस, आठवत असेल तर."

सोवनी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. चंद्रोदय नऊच्या पुढे. बोट साडेसातला धक्क्याला लागणार. ते जिन्याखाली गेले आणि संचिताला म्हणाले, जेवण नऊनंतर देता येईल का? ती म्हणाली, "काका, सनसेट तर मी लेट नाही ना करू शकत! आणि बोट पाण्याच्या टायमिंगवर चालते." जेवणाच्या जागी फळं ठेवू का, असंही तिने विचारलं. पोरगी स्वभावाने चांगली होती.

जिना चढताना सोवनींच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो आला तेव्हा त्यांना चक्क हायसं वाटलं. चंद्र बघून जेवायचं, असा नियम. पण सरोजला चंद्र दिसतो कुठे? गेल्या वर्षभरात दर संकष्टीला सोवनी गच्चीवर जात, खाली येऊन "दिसला" म्हणत, आणि मग ती पाण्याचं अर्घ्य देऊन हात जोडत असे. त्यांचा स्वतःचा देवावर फारसा विश्वास नव्हता. गुडघ्यांवर त्याहून कमी. एकदा तर टीव्हीवर मॅच रंगात आली होती, म्हणून बाल्कनीत दोन मिनिटं नुसते उभे राहून आले आणि "दिसला" म्हणाले. ती जेवली. काही बिघडलं नाही. आज बोटीवर तेवढंच करायचं.

"ठाण्याला जायचंय, चांगली साडी नेस," ते म्हणाले. सरोजताईंनी कुठे, कशाला, काही विचारलं नाही. नवऱ्याने काहीतरी ठरवलंय, याचंच त्यांना इतकं नवल वाटलं होतं.

धक्क्यावर यॉट पाहून त्या थबकल्या. कडेच्या नजरेने त्यांनी ती नीट न्याहाळली. रेलिंगला लाल फुगे होतेच. "हे तुम्ही ठरवलंत?" त्यांनी विचारलं. सोवनींनी मान हलवली, मग ती तिला दिसली नसेल म्हणून "हो" म्हणाले. "फुगेसुद्धा?" "पायरी सांभाळ," ते म्हणाले.

बोट चालवायला नाथा म्हणून खाडीकाठच्या गावातला पन्नाशीचा माणूस होता. त्याने बोट वसईच्या अंगाला नेली आणि इंजिन बंद केलं. सूर्य डोंगराच्या वर हातभर राहिला होता. पाणी लाल झालं. सरोजताईंनी तोंड वळवलं ते भलतीकडेच, किनाऱ्यावरच्या खारफुटीकडे.

"आजी, सूर्य तिकरं हाय!" नाथा म्हणाला.

"तिला असंच दिसतं," सोवनी म्हणाले.

सूर्याकडे बघितलं की सूर्य डागात जायचा. बाजूला बघितलं की डोळ्याच्या कडेला यायचा. त्या तशाच, जणू रागावून तोंड फिरवल्यासारख्या बसल्या आणि सूर्य पार बुडेपर्यंत हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "केवढा मोठा असतो हो." सोवनींना इतका आनंद झाला, की त्यांना बायकोचा हात धरावासा वाटला, आणि नाथा समोर असूनही त्यांनी तो धरला.

अंधार पडायला लागला तशी नाथाने टेबलावर दिवा लावला, जेवण मांडलं. पनीर, बिर्याणी, वर चॉकलेटचा बदाम काढलेला केक. वास सुटला. सरोजताईंच्या पोटात सकाळच्या वाटीभर खिचडीनंतर काही नव्हतं. त्यांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हात परत मांडीवर घेतला.

"पानी उतराला लागलंय," नाथा म्हणाला. "जेवा लवकर, मंग बोट फिरवाला लागंल."

सरोजताईंनी नेहमीच्या सुरात विचारलं, "चंद्र दिसला का हो?"

सोवनींनी पूर्वेकडे पाहिलं. बाळकुमच्या बाजूला अर्धवट टॉवरांच्या वर क्रेनला एक गोल दिवा लावला होता. पिवळा, चांगला मोठा.

"तिकडे काहीतरी पिवळं आहेसं वाटतंय," त्या म्हणाल्या.

आता काम सोपं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं "हं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने दारच उघडून दिलं होतं. जेवण गरम होतं, बेत पहिल्यांदाच त्यांचा होता आणि तो नीट पार पडायला एका शब्दाची उणीव होती. सोवनींनी तिच्याकडे पाहिलं. ती त्या दिव्याकडे न बघता त्यांच्या आवाजाकडे कान लावून बसली होती. समोर काय आहे ते तिला सांगेल असं घरात दुसरं कुणी नव्हतं. हे वर्षभर असंच होतं. सोवनींच्या ते आत्ता ध्यानात आलं आणि त्यांना भीती वाटली.

"नाही," ते म्हणाले. "क्रेनवरचा दिवा आहे. चंद्राला अजून दीड-दोन तास आहेत. मी तारीख न बघता बोट ठरवली. चुकलं माझं."

"बरं," सरोजताई म्हणाल्या.

नाथाने सगळं डब्यांत भरून दिलं. सोवनीही जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले, ते मात्र साफ खोटं होतं. बोट परतली. धक्क्यावर एक सिमेंटचं बाकडं होतं, त्यावर दोघं डबे मधे ठेवून बसले. नाथाने जाताना फुगे सोडून त्यांच्या हातात दिले, कारण ते पॅकेजमध्ये होते. डास होते. अधूनमधून सोवनी उठून टॉवरांच्या फटीतून बघून येत आणि "नाही अजून" म्हणत. मुलीचा पुण्याहून शुभेच्छांचा फोन आला, तिला "जेवतोय" म्हणून सांगितलं.

बऱ्याच वेळाने दोन टॉवरांच्या मधून चंद्र वर आला. एका बाजूने झिजलेला, तांबूस.

"दिसला," सोवनी म्हणाले.

सरोजताईंनी कुठे, म्हणून विचारलं नाही. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन खाली सोडलं, हात जोडले, आणि गार बिर्याणीचा डबा उघडला. पहिला घास खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "मघाशी तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी जेवले असते बरं का. तुमचा बेत मोडला नसता."

"मग?"

"मग पुढच्या संकष्टीपासून शेजारच्या विनिताला विचारलं असतं. त्या मॅचच्या वेळी एकदा सोडून दिलं होतं तुम्हाला."

सरोजताईंनी चाचपून दुसरा डबा उघडला आणि त्यांच्या हातात दिला.