दाजींच्या चळती

आमचे दाजी पाहुण्यांना वाळवंटात पायी सहलीला नेतात आणि मी, त्यांचा मेहुणा, स्वयंपाकी म्हणून सोबत जातो. तीस वर्षांत ते एकदाही वाट चुकले नाहीत, म्हणून कंपनीत सगळे त्यांना ‘नकाशा’ म्हणतात. या नकाशाला घरात स्वतःची चप्पल सापडत नाही, असं ताई म्हणायची आणि आम्ही हसायचो. गेल्या वर्षी कळलं की दाजींना खरंच दिसत नाही. शंभर पावलांपलीकडे सगळं धूसर. कंपनीला कळलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून ताईने मला शपथ घातली आणि आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं.

दाजींचं सगळं चालायचं दगडांवर. वाटेत दर शंभर पावलांच्या आत त्यांनी तीन-तीन दगडांच्या चळती रचून ठेवल्या होत्या. एका चळतीपाशी पोचलं की पुढची दिसायची.

एका सहलीत सकाळीच उंटाने सामानासकट अंग टाकलं आणि पाण्याचे दोन कॅन झाकणं उडून रिकामे झाले. एकच भरलेला उरला. विहीर दीड तासावर होती. मी निघालो तर दाजींनी मला झापलं, पाहुण्यांजवळ कोण थांबणार? दोन रिकामे कॅन घेऊन तेच गेले.

पाहुण्या चौघीजणी होत्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि तिच्या मैत्रिणी. बसून बसून कंटाळल्या. दाजींसारख्या चळती रचून फोटो काढू का, असं त्यांनी विचारलं. मी कांदा चिरत होतो. म्हटलं, रचा की, दगडांना काय तोटा! माझ्यासारखा मूर्ख मीच.

दुपारचे तीन वाजले तरी दाजींचा पत्ता नव्हता. उंचवट्यावर चढून पाहिलं. मैदानभर चळतीच चळती. काही तर सरळ खाऱ्या दलदलीकडे गेलेल्या. दाजींच्या कुठल्या, ते मलाही ओळखता येईना.

मुख्याध्यापिका मला धीर देत होती. “अहो, तंबू पिवळेधमक आहेत. लांबूनसुद्धा दिसतील त्यांना.”

“त्यांना लांबचं दिसत नाही,” मी म्हणालो. ताईची शपथ मोडली होती, पण दाजींपेक्षा शपथ मोठी नव्हती.

बाई उठली. मग तिने शाळेत लावावी तशी आम्हाला रांग लावली, दोघांमध्ये हाक पोचेल एवढं अंतर ठेवून. प्रत्येकाच्या हातात माझं एकेक भांडं. ती बडवत आम्ही दलदलीकडे निघालो. पाऊण तासाने उजवीकडून क्षीण ओ आली.

मुख्याध्यापिकेने दाजींना हाताला धरून आणलं. गुडघ्यापर्यंत चिखल होता, पण दोन्ही कॅन भरलेले होते. त्यांनी आधी पाहुण्यांना पाणी दिलं, मग माझ्याकडे वळले.

“सांगितलंस?”

“सांगितलं, दाजी.”

मला रडू फुटलं. दाजींनी आपली काठी माझ्या हातात दिली.

“उद्यापासून पुढे तू चाल,” ते म्हणाले. “भांडं वाजवत राहा, म्हणजे मी मागून येईन.”